३५ चे टायर टाकले, आता रिगिअर घरी करायचं की शॉपला द्यायचं?

डेन्व्हरहून आय-७० ने वर चढताना आयझेनहावर बोगद्याच्या अलीकडे ज्यांची जीप रँग्लर तिसऱ्या गिअरवर येऊन ४५ ने रडत चालते आणि बाजूने लोड भरलेला सेमी ट्रक निवांत पुढे निघून जातो, हे त्यांच्यासाठी लिहितोय. ३५ इंची टायर टाकले, लिफ्ट केली, पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावला आणि अॅक्सलमधला रेशो मात्र कंपनीचाच ठेवला, तर हेच होणार, त्यात इंजिनाचा काही दोष नाही. यावर उपाय म्हणजे रिगिअर, म्हणजे दोन्ही अॅक्सलमधले गिअर बदलून रेशो वाढवणं.

आधी आकडेमोड, कारण रेशोच चुकीचा घेतला तर घरी करा नाहीतर शॉपला द्या, पैसे पाण्यात. रेशो म्हणजे रिंग गिअरचे दात भागिले पिनियनचे दात (आपल्याकडे गॅरेजवाले क्राउन-पिनियन म्हणतात तीच जोडी). ४१ ला ११ म्हणजे ३.७३, ४१ ला ९ म्हणजे ४.५६, ३९ ला ८ म्हणजे ४.८८. माझी रँग्लर जेके स्पोर्ट आहे, ऑटोमॅटिक, ३.७३ वाली, तिला मुळात साधारण २९ इंची टायर होते. ३.७३ गुणिले ३५ भागिले २९, झाले ४.५०. म्हणजे ४.५६ टाकला की गाडी जिथे होती तिथे परत येते, एवढंच. वर विंच-बंपरचं वजन आणि डोंगरात राहत असाल तर ४.८८ बघा. हायवेला आरपीएम किती होईल ते काढायला स्पीड गुणिले रेशो गुणिले ३३६ भागिले टायरची उंची, आणि त्याला टॉप गिअरच्या रेशोने गुणा. पाच स्पीड ऑटोचा टॉप ०.८३ आहे, त्यामुळे ६५ मैलाला माझी गाडी ३.७३ वर १९३० ला चालायची, ४.५६ वर २३६० होतात आणि ४.८८ वर २५३०. २५३० ऐकून लोक पेट्रोलच्या नावाने घाबरतात, पण कमी आरपीएमला धापा टाकणारी गाडी काही पेट्रोल वाचवत नसते. जीपवाल्यांनी स्वतःच २०२१ मध्ये एक्स्ट्रीम रिकॉन पॅकेज काढलं त्यात ३५ च्या टायरसोबत ४.५६ दिला, यावरून काय ते समजा.

आता मुद्द्याचं. यूट्यूबवर बघून वाटतं की कव्हर उघडा, जुनं काढा, नवीन बसवा, तेल भरा. नट-बोल्टचं काम खरंच तेवढंच आहे, ब्रेक आणि हब ज्याने स्वतः बदललेत त्याला जमेल. पण घोडं पेंड खातं ते मोजमापात. पिनियन किती आत बसलाय, रिंग आणि पिनियनमध्ये मोकळीक किती आहे, पिनियनच्या बेअरिंगवर दाब (प्रीलोड) किती आहे, आणि कॅरियरच्या (रिंग गिअर ज्यावर बसतो तो भाग) बेअरिंगवर किती, या चार गोष्टी जमल्या तर गिअर दोन लाख मैल चालतील, एक चुकली तर हजार मैलात रडायला लागतील. मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, साधारण ०.००६ ते ०.०१० इंच लागते. साधा प्रिंटरचा कागद ०.००४ इंचाच्या आसपास असतो, म्हणजे सगळा खेळ दीड-अडीच कागदांचा. शिम (जागा जुळवायला घालायच्या पातळ चकत्या) बदलताना ०.००२ इंचाचा फरकसुद्धा दातावर दिसतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, हात पोळलेत. जेकेच्या आधी माझ्याकडे जुनी जीप चेरोकी (एक्सजे) होती, मागे क्रायस्लर ८.२५ आणि पुढे डाना ३० अॅक्सल, रेशो ३.५५. मजुरी वाचवू म्हणून ४.५६ चे गिअर मागवले आणि गॅरेजमध्ये पसारा मांडला. पहिला धक्का पुढच्या अॅक्सलला बसला, गिअर कॅरियरवर बसेचनात. त्या डाना ३० चे कॅरियर दोन प्रकारचे, ३.५५ आणि खालच्यांना एक, ३.७३ आणि वरच्यांना दुसरा, हे मला उघडून बसल्यावर कळलं. नवीन कॅरियर येईपर्यंत आठवडाभर गाडी जॅक स्टँडवर, मी ऑफिसला मित्राच्या गाडीतून. दुसरा घोळ त्याहून वाईट. मागच्या पिनियनवर क्रश स्लीव्ह (दबणारी धातूची नळी) असते, नट आवळत गेलं की ती दबते आणि बेअरिंगवर दाब येतो. ती दबायला सुरुवात व्हायलाच दोनशे-तीनशे फूट-पौंड जोर लागतो, लांब पाइप लावून दोघं लोंबकळत होतो, आणि एकदा दबायला लागली की पाव फेऱ्यात काम होतं. आमचा पाव फेरा जास्त झाला. मित्र म्हणाला, "अरे जरा मागे घे ना नट, कुणाला कळतंय." घेतला मागे. इंच-पौंडाच्या रेंचवर सुई बरोबर आकड्यावर आली, आम्ही खूश. पण स्लीव्ह एकदा दबली की परत फुलत नाही, नट सैल केलं की पिनियनला धरून ठेवणारं काही उरत नाही. ८ डॉलरची नवीन स्लीव्ह टाकायची होती. दोन महिन्यांत ५० च्या स्पीडला पाय उचलला की मागून कुत्रं विव्हळल्यासारखा आवाज, नंतर बेअरिंग गेलं, गिअर गेले, आणि शेवटी शॉपलाच दिली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणून खर्च मांडताना फक्त मजुरीचा आकडा बघू नका. जेकेसाठी मला दोन्ही अॅक्सलची नुसती मजुरी १२०० ते १८०० डॉलर सांगितली होती, पार्ट वेगळे. ते वाचतात हे खरं, पण समोर मांडा: २० टनी प्रेस, पिनियन आणि कॅरियरवरून बेअरिंग न फोडता काढणारा क्लॅमशेल पुलर (चांगला घेतला तर हा एकटाच प्रेसपेक्षा महाग), मॅग्नेटवाला डायल इंडिकेटर, शिम मोजायला मायक्रोमीटर, इंच-पौंडाचा सुईवाला टॉर्क रेंच, मोठा फूट-पौंडाचा रेंच, आणि डाना अॅक्सलला कधी कधी केस स्प्रेडर (हाउसिंग किंचित ताणून उघडायचं हत्यार). क्लिक होणारा रेंच इथे चालत नाही, फिरवता फिरवता आकडा वाचायचा असतो. हे सगळं एका गाडीसाठी विकत घ्यायचं असेल तर वाचलेले पैसे तिथेच संपले. तीन-चार जणांचा ग्रुप असेल आणि सगळ्यांच्या जीप लाइनीत असतील तर मात्र हिशोब फिरतो.

पैशाएवढाच दुसरा प्रश्न: गाडी किती दिवस उभी राहू शकते? रोज हे काम करणारा माणूस दोन्ही अॅक्सल दिवस-दीड दिवसात उरकतो, पहिल्यांदा करणाऱ्याचे दोन-तीन वीकेंड धरा, आणि मध्ये पार्ट चुकला तर अजून. ती एकच गाडी असेल आणि सोमवारी ऑफिस गाठायचं असेल, तर घाई होणार आणि घाईतच "कुणाला कळतंय" वाले निर्णय होतात. दोन्ही अॅक्सलचा रेशो सारखा झाल्याशिवाय फोर व्हील टाकायचं नाही हेही ध्यानात ठेवा, मागचं झालं आणि पुढचं राहिलं तर टू व्हीलमध्ये गाडी चालते, फोर व्हील टाकलं तर काहीतरी मोडणारच.

अॅक्सल कुठलं यावर पण बरंच अवलंबून आहे. टोयोटावाल्यांचं नशीब चांगलं, जुन्या टॅकोमा-फोररनरचा मागचा गिअरचा गोळा (थर्ड मेंबर) अख्खा बाहेर येतो, सेट करून आलेला तयार थर्ड मेंबर कुरियरने मागवा, जुना काढा नवीन लावा, मोजमापाचं डोकं दुसऱ्याने लावलेलं. तिथे मी डोळे झाकून घरी करा म्हणेन. जीपच्या डानामध्ये सगळं सेटिंग हाउसिंगमध्ये वाकूनच करावं लागतं.

घरी करायचंच ठरलं तर काही गोष्टी. कॅरियरचा प्रकार गिअर मागवायच्या आधी तपासा, विकणाऱ्याला गाडीचं वर्ष, अॅक्सल आणि सध्याचा रेशो तिन्ही सांगा. जुनी बेअरिंगं फेकू नका, त्यांचं आतलं भोक फ्लॅप व्हीलने थोडं घासून सैल करा, म्हणजे शिम बदलताना दर वेळी प्रेस न वापरता हाताने निघतात, नवीन बेअरिंग सगळं जमल्यावर शेवटी एकदाच. जुन्या पिनियनखाली जो शिम निघेल तिथूनच सुरुवात करा. मग पिवळं मार्किंग कंपाउंड दातांना लावून, रिंगला फडक्याने जरा अडवत फिरवा आणि ठसा बघा. ठसा दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, टोकाकडे आला तर कमी. मधोमध, कडा पुसट झालेला लांबट ठसा आला की फोटो काढून ठेवा, नंतर आवाज आला तर तोच पुरावा. आणि क्रश स्लीव्ह दोन-तीन जादा आणा, हे माझ्याकडून. क्रश स्लीव्हऐवजी शिम वापरणारा एलिमिनेटर किट मिळत असेल तर अजून बरं.

शॉपला द्यायचं असेल तर शॉपचं नाव बघू नका, गिअर कोण सेट करतो ते विचारा. टायर-लिफ्टवाले बरेच जण रिगिअर पण करतो म्हणतात. "बॅकलॅश आणि प्रीलोडचे आकडे लिहून द्याल का, ठशाचा फोटो द्याल का," एवढं विचारा, जो रोज हेच करतो तो हो म्हणतो, जो कुरकुरतो त्याला नमस्कार करून निघा. आवाज आला तर मजुरी परत कोण भरणार हेही आधीच कागदावर घ्या, कारण गिअरवाली कंपनी फार तर गिअर बदलून देते, मजुरी नाही. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) टाकायचा मनात असेल तर आत्ताच टाका, अॅक्सल उघडलेलंच आहे, पुन्हा तीच मजुरी कशाला.

मधला मार्गही आहे आणि जेकेला मी तोच घेतला. चाकं, ब्रेक, शाफ्ट, सगळं स्वतः सोडवलं आणि दोन्ही अॅक्सल गाडीखालून काढून ट्रेलरवर टाकून नेऊन दिले. सुट्ट्या अॅक्सलची मजुरी बरीच कमी पडली, आणि परत बसवताना बॉल जॉइंट पण बदलून घेतले. पाठ मात्र आठवडाभर बोलत होती.

कोणीही करो, पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं हळू चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या, मग अजून एकदा तसंच. ५०० मैल ट्रेलर ओढायचा नाही, मोॲबला ऑफ-रोडिंगला पळायचं नाही, आणि ५०० झाले की तेल बदला, त्यात चंदेरी चुरा दिसेल, तो चालतो, तुकडे दिसले तर नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन रेशो आणि टायर साइज सांगायचं विसरू नका, नाहीतर ऑटो गिअर भलत्याच वेळी बदलतो आणि तुम्ही गिअरवाल्याला शिव्या घालत बसता. मी पहिले तीन दिवस हेच करत होतो.