जिओजेब्रावर गणित शिकवायचंय? आधी माझी फजिती ऐका

कोल्हापूरला राजारामपुरीत दहावीची शिकवणी घेतो, एका बॅचला दहा-बारा पोरं. नवीन शिकवायला लागलेले बरेच जण विचारतात, सर कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ, तर विकत काही घेऊ नका, जिओजेब्रा फुकट आहे, मार्कुस होहेनवार्टर नावाच्या माणसानं 2001 साली ऑस्ट्रियात साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना ते सुरू केलं आणि आता मोबाईलवर पण चालतंय. माझा लॅपटॉप जुनाच, बॅटरी मेलेली, लाईट गेली की तास परत फळ्यावर.

मी सुरुवात त्रिकोणमितीनं केली तिथंच फसलो. ऐटीत साइन 30 टाकलं, 0.5 यायला पाहिजे, आलं उणे 0.99. मागनं एकजण म्हणतोय, "सर, कोन रंकाळा तलावात पडला काय?" घरी येऊन बघितलं तर नुसतं 30 लिहिलं की ते रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) धरतंय, डिग्रीचं बारकं शून्य वर द्यावं लागतंय. दहावीला रेडियन नसतंच, त्यामुळं पोरांना सांगायचं तरी काय. आणखी एक गंमत, एक्सेलमधे बरोबरचं चिन्ह देऊन -2^2 (^ म्हणजे घात) टाकलं की 4 येतं आणि जिओजेब्रात तेच -4. म्हणून काहीही दाखवायच्या आधी घरी एकदा करून बघा, आणि पोरांना उत्तर आधी वहीत लिहायला लावा, मगच एंटर मारा. नाहीतर नुसता पिक्चर बघितल्यासारखं बघत बसतात.

वर्तुळ मात्र लई भारी जमतंय. केंद्रापाशी एक कोन काढा, त्याच कंसावर एक अंतर्लिखित कोन (ज्याचा शिरोबिंदू वर्तुळावर असतो) काढा आणि वर्तुळावरचा तो बिंदू ओढत फिरवा, आकडा हलतच नाही, केंद्रापाशीचा कोन कायम त्याच्या दुप्पट (बिंदू कंसाच्या पलीकडं नेला तर बदलणार, ते पण दाखवा, चक्रीय चौकोन तिथंच निघतो). मी खुशीत होतो तोवर एक पोरगी म्हणाली, सर हे चुकलंय, 41.38 ची दुप्पट 82.76 होते आणि इथं 82.77 आहे. बरोबर होतं तिचं. स्क्रीनवर दोनच दशांश स्थळं दिसतात, पुढचं राउंड करून दाखवतंय. सेटिंगमधे स्थळं वाढवली तर म्हणते, मग आणखी पुढं चुकत असेल की.

आता काय बोलणार. लॅपटॉप मिटला, खडू घेतला. दोन त्रिज्या सारख्या म्हणून समद्विभुज त्रिकोण, पायाचे कोन सारखे, बाह्यकोन त्यांच्या बेरजेएवढा, झालं दुप्पट. हीच सिद्धता आदल्या वर्षी मी पाठ करून घेतली होती आणि परीक्षेत निम्म्यांनी सोडून दिली होती. ह्यावेळी ती पोरगी मधेच उठली आणि शेवटची ओळ तिनंच फळ्यावर लिहिली.