अल्गॉन्क्विनच्या स्प्रूसवनात उत्तरेकडचे पक्षी कसे शोधावेत

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील अल्गॉन्क्विन उद्यान १८९३ मध्ये स्थापन झाले. सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात दक्षिणेकडील पानझडी जंगल आणि उत्तरेकडील बोरियल, म्हणजेच सूचिपर्णी वृक्षांचे जंगल, एकमेकांत मिसळलेले आहे. त्यामुळे येथे कोठेही थांबले की बोरियल पक्षी दिसतील, असे नाही. मेपलच्या टेकड्यांवर त्यांचा शोध घेण्यात वेळ फार जातो आणि हाती फारसे काही लागत नाही. त्यांचे खरे घर काळा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या दलदलीत आहे, म्हणून आधी झाड ओळखायला शिकावे आणि मग पक्षी शोधावा. पायाखाली स्फॅग्नम शेवाळाची ओली, मऊ गादी आणि सभोवती खुरटे, सडपातळ, शेंड्याशी फांद्यांचा दाट झुबका असलेले वृक्ष दिसू लागले, की आपण योग्य जागी आलो असे समजावे.

उद्यानाच्या दक्षिण भागातून महामार्ग क्रमांक ६० जातो आणि त्यावरील ठिकाणे पश्चिम प्रवेशद्वारापासूनच्या किलोमीटरने ओळखली जातात. न थांबता पुढे जायचे असेल तर परवाना लागत नाही, परंतु पायवाटा वापरण्यासाठी दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. नवख्याने ४२.५ किलोमीटरवरील स्प्रूस बॉग पायवाटेपासून सुरुवात करावी. ही वाट जेमतेम दीड किलोमीटरची असून दलदलीवर लाकडी फळ्यांचा मार्ग असल्याने झाडोऱ्याच्या अगदी आत जाता येते. जवळच, ४३ व्या किलोमीटरवर, अभ्यागत केंद्र आहे. हिवाळ्यात तेथे पक्ष्यांसाठी ठेवलेल्या दाण्यांवर इव्हनिंग ग्रोसबीक हे पक्षी येतात. ४६.३ किलोमीटरवर फुटणारा ओपिओंगो रस्ताही चुकवू नये.

मेच्या उत्तरार्धात आणि जूनमध्ये वॉर्बलर हे चिमुकले गाणारे पक्षी भरभरून गातात, मात्र त्याच दिवसांत चावऱ्या काळ्या माश्यांचा आणि डासांचा उपद्रवही असह्य असतो. बोरियल पक्ष्यांसाठी हिवाळ्याचा उत्तरार्ध मला अधिक पसंत आहे, कारण तेव्हा जंगल इतके शांत असते की सालीचा कपटा पडल्याचाही आवाज येतो. काळ्या पाठीचा सुतारपक्षी शोधताना याचा थेट उपयोग होतो. तो मेलेल्या किंवा मरू घातलेल्या सूचिपर्णी झाडाची साल सोलून आतील अळ्या खातो. खोडाचे तांबूस, नुकते सोललेले पट्टे आणि बुंध्याशी बर्फावर पसरलेले सालीचे ताजे तुकडे दिसले, तर तेथेच थांबून हलकी टकटक ऐकावी. नराच्या डोक्यावर पिवळा ठिपका असतो आणि काळी पाठ जळक्या खोडात सहज मिसळून जाते, म्हणून नजर हालचालीवर ठेवावी.

‘कॅनडा जे’ हा पक्षी मात्र बहुधा स्वतःच आपल्याला शोधत येतो. कावळ्याच्या कुळातील हा करडा, गुबगुबीत पाहुणा पिसांचा आवाज न करता जवळच्या फांदीवर उतरतो. तो वर्षभर आपल्याच हद्दीत राहतो आणि चिकट लाळेत घोळवलेले अन्नाचे गोळे सालीच्या फटींत साठवून हिवाळा काढतो. तापमान उणे २० अंशांखाली असतानाही मादी अंडी उबवते. अल्गॉन्क्विनमध्ये १९६० च्या दशकापासून या पक्ष्याचा अभ्यास चालू आहे. शरद ऋतू उबदार झाल्याने साठवलेले अन्न खराब होते आणि त्यामुळे त्याची संख्या घटत आहे, असे त्या अभ्यासातून पुढे आले आहे. ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते. त्याच्या पायांत अभ्यासकांनी घातलेली रंगीत कडी दिसल्यास कोणत्या पायात, कोणत्या रंगाची, कोणत्या क्रमाने आहेत हे टिपून अभ्यागत केंद्रात कळवावे.

स्प्रूस ग्राउस हा कोंबडीसारखा पक्षी याच्या अगदी उलट: तो जवळ असूनही दिसत नाही, कारण धोका वाटला की उडण्याऐवजी स्तब्ध बसतो. हिवाळ्यात सूचिपर्णी झाडांच्या सुयांवरच त्याचा निर्वाह चालतो, म्हणून दाट फांद्यांच्या आतील भागाचे दुर्बिणीने सावकाश निरीक्षण करावे. नराच्या डोळ्यावरील लाल पट्टी त्याची जागा उघड करते. वल्गुलीच्या (टिट) कुळातील बोरियल चिकडी हा छोटा पक्षी मात्र कानानेच ओळखावी. काळ्या टोपीच्या चिकडीची हाक स्वच्छ असते, तर तपकिरी टोपीच्या बोरियल चिकडीची हाक नाकातून आल्यासारखी, घोगरी आणि संथ असते. शंकूंतील बिया खाणारे क्रॉसबिल पक्षी दिसतीलच याची खात्री देता येत नाही. ज्या वर्षी शंकूंचे पीक चांगले, त्या वर्षी ते येतात. तेव्हा शंकूंनी लगडलेले शेंडे पाहावेत.

ध्वनिमुद्रित हाका वाजवून पक्ष्यांना बोलावू नये. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या ऊर्जेचा प्रत्येक थेंब मोलाचा असतो. दुर्बीण ८ × ४२ क्षमतेची पुरेशी आहे, फक्त भिंगावर श्वास जाऊ देऊ नये, कारण तेथे लगेच हिमकण गोठतात. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवावी. पहाटे आणि संध्याकाळी महामार्गावर मूस हे प्रचंड आकाराचे हरीण येते, म्हणून अंधार पडल्यावर परतताना वाहन संथ चालवावे.