व्यालेल्या गाईचा दुग्धज्वर कसा ओळखावा आणि काय करावे

दुग्धज्वर या नावात ज्वर असला, तरी या आजारात गाईचे अंग तापत नाही, गार पडते. नावावर विसंबून तापाचे औषध देण्यात मोलाचा वेळ जातो. व्याल्यावर चिकातून आणि दुधातून कॅल्शियम झपाट्याने बाहेर जाते, हाडांतून ते तितक्या लवकर सुटत नाही, आणि रक्तातील पातळी घसरून स्नायू लुळे पडतात. कोकणातील गावठी गाय दूध कमी देते, म्हणून तिला हा आजार क्वचितच होतो. संकरित जर्सी आणि मुऱ्हा म्हैस यांना मात्र तिसऱ्या वेतापासून पुढे, व्याल्यानंतरचे 72 तास, डोळ्यांत तेल घालून जपावे.

रात्री गोठ्यात गेल्यावर आधी कान चाचपावेत. कान थंड, नाकाड कोरडे, रवंथ आणि शेण बंद, मान वळवून तोंड कुशीवर टेकलेले, आणि थर्मामीटरवर बहुधा 100 अंश फॅरनहाइटच्या खाली तापमान, ही चिन्हे दिसताच डॉक्टरांना बोलवावे. कास सुजून दूध नासले असेल तर कासदाहाची, लघवी कॉफीसारखी लाल असेल तर फॉस्फरसच्या कमतरतेची शंका घ्यावी आणि तसे डॉक्टरांना सांगावे.

डॉक्टर येईपर्यंत तोंडाने काहीही पाजू नये, कारण तिला गिळता येत नाही. आमच्या गोठ्यात एकदा घाईने गूळपाणी पाजले, ते फुफ्फुसात गेले, आणि सलाईनने उठलेली ती गाय चौथ्या दिवशी न्यूमोनियाने दगावली. गाय आडवी पडल्यास पोट फुगते, म्हणून पेंढ्याने भरलेली पोती दोन्ही बाजूंना लावून तिला छातीवर बसती ठेवावी. पावसाळ्यात ओल्या जांभ्यावर पाय घसरतात, तेव्हा खाली सुका पेंढा जाड पसरावा.

डॉक्टर कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून, हृदयाचे ठोके तपासत, सावकाश देतात. ते भराभर गेले तर हृदय बंद पडू शकते, त्यामुळे हा प्रयोग घरी करू नये. अंगाला कंप, ढेकर, शेण आणि नाकाडावर दवासारखे थेंब दिसू लागले, की औषध लागू पडत आहे असे समजावे. तरीही गाय एक-दोन दिवसांत पुन्हा बसू शकते, म्हणून तेवढे दिवस कास पूर्ण रिकामी करू नये.

भाकड काळाच्या शेवटच्या आठवड्यांत कॅल्शियम भरपूर देऊ नये, कारण मग हाडांतून ते काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. व्याल्यानंतर मात्र खनिज मिश्रण रोज द्यावे; भाताच्या पेंढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि आपल्याकडे वैरण म्हणजे मुख्यतः तोच पेंढा.