मिशनऱ्यांच्या नोंदींमधून मूळनिवासींचा धर्म कसा वाचावा

अमेरिका खंडातील मूळनिवासींच्या श्रद्धांविषयीचे जुने लेखन बहुतांशी त्या श्रद्धा पुसून टाकण्यासाठी आलेल्या धर्मप्रचारकांनीच केलेले आहे. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचा स्पॅनिश धर्मगुरू डिएगो दे लांडा याने १५६२ मध्ये मेक्सिकोच्या युकातान प्रदेशातील मानी येथे माया लोकांच्या पोथ्या व मूर्ती जाळल्या, आणि माया पंचांग व विधींची महत्त्वाची माहिती आज त्याच लांडाच्या लेखनातून मिळते. त्यामुळे अशी नोंद टाकून देता येत नाही आणि तिच्यावर विसंबताही येत नाही.

प्रथम ती कोणासाठी लिहिली गेली हे पाहावे. कॅनडातील फ्रेंच वसाहतीतून जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी पाठवलेले वृत्तान्त १६३२ ते १६७३ या काळात पॅरिसमध्ये छापले जात. मिशनला पाठबळ मिळवणे हा त्यांचा एक हेतू असल्याने धर्मांतराच्या व हौतात्म्याच्या कथा त्यांत ठळक होणे साहजिकच होते. मग लेखकाने पाहिलेले आणि त्याने ठरवलेले वेगळे लिहून काढावे. विधी कोणत्या ऋतूत झाला, काय अर्पण केले, कोण बोलले, हे एका बाजूला ठेवावे. ‘सैतानाची पूजा’ हा शेरा दुसऱ्या बाजूला, कारण तो मिशनऱ्याच्या मनाचा पुरावा आहे.

माहिती देणारे कोण होते, हा प्रश्न मला सर्वांत फलदायी वाटतो. सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मगुरू बर्नार्दिनो दे साहागुन याने मेक्सिकोत नाहुआ या मूळनिवासी समाजातील वृद्धांना प्रश्न विचारले आणि मिशनच्याच शाळेत शिकलेल्या नाहुआ तरुणांच्या साहाय्याने उत्तरे नाहुआत्ल भाषेत उतरवून घेतली. वैद्याला रोग ठाऊक असावा लागतो, तशी प्रचारकाला मूर्तिपूजा ठाऊक असावी, ही त्याची भूमिका होती. तरीही यातून तयार झालेल्या त्याच्या बारा भागांच्या ग्रंथात वृद्धांचे म्हणणे बरेच टिकून राहिले. अर्थात, स्पॅनिशांकडून झालेल्या पराभवानंतर आणि धर्मगुरूसमोर त्यांनी काय सांगायचे टाळले असेल, याचा विचार सोडू नये.

त्या काळचे कायदेही शेजारी ठेवावेत. मिशनऱ्यांच्या आग्रहामुळेही कॅनडाने पॉटलॅच या वायव्य किनाऱ्यावरील मूळनिवासींच्या दान-समारंभावर घातलेली बंदी १८८५ मध्ये अमलात आली आणि १९५१ पर्यंत टिकली. या काळातील एखाद्या अहवालात प्रथा संपल्याचे लिहिले असेल, तर ती चोरून चालू होती का, हे तपासावे. १९२१ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हिलेज आयलंड या बेटावर भरलेल्या मोठ्या पॉटलॅचनंतर अटका झाल्या आणि मुखवटे जप्त झाले.

प्रत्येक माणसाला ‘धर्मांतरित’ किंवा ‘परंपरानिष्ठ’ अशा एकाच रकान्यात बसवू नये. अमेरिकेतील लाकोटा या मूळनिवासी समाजातील ब्लॅक एल्क १९०४ मध्ये कॅथलिक झाले, धर्मशिक्षक म्हणून वावरले आणि पुढे लाकोटा विधींची सविस्तर माहितीही त्यांनीच सांगितली. शेवटी, आपले टिपण प्रसिद्ध करण्याआधी ते त्या समाजातील जाणत्यांना दाखवावे. एखादा विधी बाहेर सांगायचा नाही असे त्यांनी म्हटले, तर जुन्या ग्रंथात तो छापलेला असला तरी वगळावा.