बेरिंगची स्कूटर घरी कशी बनवायची

पायाने ढकलायची दोन चाकी गाडी जर्मनीत कार्ल ड्राइसने 1817 ला काढली, नंतर ठिकठिकाणच्या पोरांनी फळीला स्केटची नाहीतर बेरिंगची चाकं लावून आपापल्या स्कूटर जोडल्या. दुकानात मिळते ती घडीची 1990 नंतरची, झुरिचच्या विम ओउबोटरला सॉसेज खायला जायचं तर चालायला लांब आणि कार काढायला जवळ, म्हणून त्याने ती बनवली आणि 2000 मध्ये रेझर कंपनीच्या नावाने अमेरिकेत पोरांना वेड लागलं. पण मला विचाराल तर पोराला सोबत बसवून बेरिंगचीच बनवा भो.

बेरिंगसाठी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जा, आपल्या रावेर-यावलकडे केळीला पाणी देऊन देऊन मोटारी सारख्या दुरुस्तीला येतात, जुने बेरिंग पडलेलेच असतात. 6204 नंबरचे दोन घ्या, आतून 20 मिमी, बाहेरून 47, जाडी 14. बोटात घालून फिरवा, अडकत असेल तर रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, पुसून ग्रीस भरा.

फळी दोन फुटाची, इंचभर जाड. मागच्या टोकाला 18 मिमी रुंद आणि 6 सेमी लांब खाच पाडा. आस बाभळीचा करा, बैलगाडीच्या चाकाला चालतं ते लाकूड इथेही चालतं, थोडं थोडं तासत जा आणि बेरिंग हातोडीने हळूच ठोकल्यावरच आसावर चढेल इतकं ठेवा, सैल झालं तर चाक डुलतं. आस फळीच्या खालून लोखंडी पट्टीने आवळा. पुढच्या उभ्या दांड्याच्या बुडाला असंच दुसरं चाक बसवा, वर आडवी मूठ, पोराच्या कमरेच्या जरा वर.

आता खरं काम सांध्याचं. फळीच्या पुढे वीतभर उंच ठोकळा उभा करून दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्या, ठोकळा आणि दांडा यांच्यात दरवाज्याच्या दोन जाड बिजागऱ्या एकावर एक लावा, आणि आरपार नटबोल्टच घाला. माझ्या भाच्याच्या पहिल्या गाडीला मी साधे स्क्रू लावले होते, उतारावर उपसले, पोराचा गुडघा फुटला, मला फार वाईट वाटलं.

ब्रेक नसतो, म्हणून बूट घालायचे आणि पाय घासून थांबायचं, उतार आणि वाहनांचा रस्ता नाही. फरशीवर घसरते, सिमेंटच्या गल्लीत मस्त पळते. मे महिन्यात सकाळी सातच्या आत खेळू द्या. बेरिंगचा आवाज कोरडा, कर्कश झाला की परत ग्रीस भरा.