पिंपातल्या अंजिराला वळण कसं द्यायचं

माझ्या गच्चीवरचं अंजीर पहिली तीन वर्षं नुसतं वाढलं. साडेसात फूट उंची, पंजाहून मोठी पानं, आणि फळं मोजून नऊ. दर पंधरवड्याला मी त्याला शेणाचं पाणी घालायचे, पण फांदी कापायला हात धजत नव्हता. चौथ्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस थोरले मामा पुरंदरहून पुण्याला आले होते. चहा पिता पिता ते झाडाकडे बघत राहिले, मग कात्री मागितली आणि दहा मिनिटांत झाड कमरेएवढं करून ठेवलं. त्यानंतरच्या मार्चपासून मे अखेरपर्यंत त्याच झाडाची एक्केचाळीस अंजिरं आम्ही खाल्ली.

मामांनी जाताना एवढंच सांगितलं, "अंजीर नव्या फुटीवर धरतं गं. जुन्या काठीवर काय शोधतेस?" पुढे मी जे काही शिकले ते सगळं या वाक्याच्या पोटातलंच आहे. नवी फूट, म्हणजे कोवळी फांदी, निघते, तिच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक बारीक हिरवा मणी बसतो, आणि तेच अंजीर. म्हणजे फळं हवी असतील तर योग्य वेळी, योग्य जागी, मोजकी नवी फूट काढायला झाडाला भाग पाडायचं. छाटणी, ताण, शेंडा खुडणं हे सगळं त्यासाठीच.

आधी रोपाचं सांगते. आपल्याकडे 'पुणे अंजीर' ही जात घ्या. पुरंदरच्या बागांमध्ये हीच आहे आणि पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही हिच्यामुळेच. परागीभवन न होता हिची फळं भरतात, त्यामुळे एकटं झाड पुरतं. काही परदेशी जातींना एका विशिष्ट चिलटासारख्या माशीची गरज असते आणि ती माशी आपल्या गच्चीवर येत नाही. रोप फाटे कलमाचं (काडी मातीत खोचून केलेलं) किंवा गुटीचंच (झाडावरच्या फांदीला मुळं फुटवून केलेलं) हवं. बियांचं रोप घेऊ नका. मी एका रोपवाटिकेतून आणलेलं पहिलं रोप तसं निघालं. त्याची फळं सुपारीएवढी होऊन गळायची, आत भुसा. शेजारपाजारी कुणाकडे चांगलं झाड असेल तर छाटणीतली पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर काडी मागून घ्या. तिच्यावर चार-पाच डोळे, म्हणजे फूट निघायच्या जागा, असले की झालं. दोन तृतीयांश मातीत पुरा, सावलीत ठेवा, साधारण महिन्यात मुळं धरतात.

पुरंदरच्या डोंगरउतारावर माती हलकी आणि खाली मुरूम. पाणी पडलं की निथळून जातं. पिंपात आपल्याला तेच करायचं आहे. १८ इंच रुंद आणि तेवढंच खोल भांडं पुरे, त्यात सुमारे ७५ लिटर माती मावते. निळं २०० लिटरचं पिंप आडवं कापून दोन केलीत तरी चालेल. बुडाला अंगठा जाईल अशी सात-आठ भोकं पाडा आणि पिंप विटांवर चढवा, नाहीतर भोकं गच्चीला टेकून बुजतात. भरताना दोन घमेली लाल माती, एक घमेलं बारीक मुरूम, एक घमेलं कुजलेलं शेणखत, वर दोन ओंजळी निंबोळी पेंड. पेंड सोडू नका, कारण अंजिराच्या मुळांवर सूत्रकृमींच्या (मातीतल्या बारीक धाग्यासारख्या कृमींच्या) गाठी फार लवकर होतात. मी कडेने झेंडूही लावते. ओली माती भरलेलं असं एक पिंप १०० किलोच्या पुढे जातं. ते स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका. खाली भिंत किंवा तुळई असेल तिथेच ठेवा. ऊन मात्र सहा-सात तास तरी हवंच.

आता वळण. पहिल्या वर्षी फळांचा विचार करू नका. रोपाची एकच काठी वाढू द्या आणि ती दीड फुटावर छाटा. खालून फूट निघेल, त्यातल्या चार दिशांना जाणाऱ्या तीन किंवा चार फांद्या ठेवा, बाकीच्या खुडा. दोन फांद्या एकाच बिंदूतून निघत असतील तर एक काढा. पुढे फळांच्या भाराने तो सांधा फाटतो. फांद्या हातभर झाल्या की सुतळीने पिंपाच्या काठाला बांधून तिरक्या ओढून घ्या. सुतळी सैल ठेवा, दर महिन्याला बघा, नाहीतर सालीत रुतते.

हे ओढणं फार मोलाचं आहे, म्हणून थोडं थांबते. फांदी सरळ उभी असली की टोकाचा डोळाच सगळा जोर घेतो आणि खालचे झोपून राहतात. तीच फांदी तिरकी केली की मधले डोळेही जागे होतात. जपानमध्ये हीच गोष्ट टोकाला नेली आहे. तिथल्या कित्येक बागांमध्ये अंजिराचे दोन हात गुडघ्याच्या उंचीवर, जमिनीला समांतर, डावीउजवीकडे ताणून बांधतात. त्या आडव्या हातांवर ओळीने उभी फूट निघते, तिच्यावर फळं येतात, आणि हिवाळ्यात ती फूट एक-दोन डोळ्यांवर परत कापतात. दरवर्षी तेच. ठाण्याला माझ्या धाकट्या बहिणीची बाल्कनी अवघी साडेतीन फूट रुंद आहे. तिच्या कठड्याला लागून आम्ही असंच दोन हातांचं झाड केलं आहे आणि ते माझ्या झाडापेक्षा आटोपशीर आहे. जागा अरुंद असेल तर मी हाच आकार सुचवीन.

दुसऱ्या वर्षापासून बहार, म्हणजे फळांचा हंगाम, धरायचा. आपल्याकडे दोन बहार घेतात. खट्टा बहार पावसाळ्याच्या तोंडाशी छाटून धरतात. त्याची फळं थंडीत मिळतात, पण गोडी कमी. मीठा बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटून धरतात, फळं फेब्रुवारी अखेरीपासून मेपर्यंत. घरच्या झाडाला मीठा बहारच धरा. शेतकऱ्याला भाव बघून खट्टा बहार परवडतो, आपल्याला खायचंच आहे तर गोड का खाऊ नये? दोन्ही बहार एकाच झाडावर घेऊ नका, कुंडीतलं झाड त्यात थकतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पिंप जिन्याच्या छपराखाली सरकवते. त्यासाठी माझ्या पिंपाखाली विटांऐवजी चाकांची फळी आहे. दोन-तीन आठवडे पाणी अगदी बेताचं, पानं मलूल दिसली तरच तांब्याभर. हा ताण. पानं पिवळी पडून गळायला लागली की घाबरू नका, झाड विश्रांतीला चाललं आहे. राहिलेली पानं हाताने काढा, पिंप उन्हात आणा आणि मग छाटणी.

गेल्या वर्षीची प्रत्येक फूट दोन किंवा तीन डोळे ठेवून कापा. वरचा डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून असावा. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या मुळापासून काढा. बुंध्यातून सरळ वर जाणारे जाड, लुसलुशीत पाणसोट दिसतील, तेही काढा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप, लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून एकत्र करा, सगळं मिळून एक लिटर. प्लास्टिकच्या बादलीत करा, लोखंडाच्या भांड्यात नाही. आणि छाटताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. अंजिराचा पांढरा चीक कातडीवर राहून वर ऊन लागलं तर फोड येतात. माझ्या उजव्या मनगटावर त्याचा डाग दोन महिने होता.

एखादी फांदी उघडी राहिली, तिच्यावर फूटच येत नाही, तर जुन्या बागांमधली खाच पाडायची रीत वापरा. पाहिजे त्या डोळ्याच्या जरा वर, धारदार चाकूने सालीचा तिरका काप घ्या, इंचभर लांब, लाकडाला जेमतेम लागेल इतका खोल. वरून येणारा, डोळ्याला झोपवून ठेवणारा रस तिथे अडतो आणि तो डोळा फुटतो. एका फांदीवर दोन-तीन खाचांपेक्षा जास्त नको.

छाटणीनंतर भरपूर पाणी, दोन ओंजळी गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. इथे पुन्हा निवड करावी लागते आणि बहुतेक जण इथेच कचरतात. ७५ लिटरच्या पिंपात दहा-बारा फुटीच ठेवा. एका जागी दोन निघाल्या तर दुबळी खुडा. प्रत्येक फुटीला सहावं पान उलगडलं की शेंडा नखाने खुडा. वर चढणारा जोर मग पानांच्या बेचक्यांत वळतो आणि मणी दिसायला लागतात. खुडल्यावर बगलेतून नवे फुटवे येतील, तेही काढत राहा.

मणी दिसल्यापासून शेणाचं पाणी बंद. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड पानांच्याच मागे लागतं. माझी ती तीन वर्षं त्यातच गेली. त्याऐवजी महिन्यातून एकदा चुलीतली राख दोन मुठी द्या, पालाश (पोटॅश) मिळतो. अंजीर आधी भराभर वाढतं, मग कित्येक आठवडे आहे तसंच दिसतं आणि शेवटी थोड्या दिवसांत एकदम फुगतं. त्या मधल्या काळात लोक खतं ओततात. काही करू नका. पाणी फक्त रोजच्या रोज सारखं ठेवा. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं झालं की पिकती फळं उकलतात.

पानांमागे तांबूस पूड दिसली तर तो तांबेरा. पावसाळ्यात आणि दमट हवेत फार. पडलेली पानं लगेच उचला, पाणी पानांवर मारू नका, आणि गरज पडली तर पातळ बोर्डो, म्हणजे लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, फवारा. बुलबुलांसाठी मी जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवल्या आहेत, एकेका फळाला एक.

अंजीर तोडल्यावर पिकत नाही. मान वाकली, फळ खाली लोंबायला लागलं, बोटाला मऊ लागलं की सकाळी लवकर तोडा. देठातून पांढरा चीक आला तर ते कच्चंच तोडलं गेलं.

दर तिसऱ्या वर्षी छाटणीच्याच दिवशी झाड पिंपातून बाहेर काढावं लागतं. दोघं जण हवेत. मुळांचा गोळा कडेने आणि बुडाने दोन-दोन इंच करवतीने कापून टाका, नवी माती भरा, आठवडाभर सावलीत ठेवा. त्या वर्षी मी सहा-सातच फुटी ठेवते आणि फळंही निम्मीच धरू देते.