पिन बसली म्हणजे चार्जर जमला असं नाही: शेव्हर-ट्रिमरवाल्यांनो, या चुका टाळा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे लग्नांचा जोर वाढला की माझ्या दुकानात बंद पडलेले ट्रिमर आणि शेव्हर यायला लागतात. 'भाऊ, कालपर्यंत चांगला चालत होता' हे पहिलं वाक्य ठरलेलं. चार्जर कोणता लावला होता, हे मात्र तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेर येतं.

घरात सापडेल तो चार्जर लावणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. ५.५ मिलिमीटरची गोल पिन वायफायच्या राउटरला असते, सेट टॉप बॉक्सला असते, सीसीटीव्हीला असते आणि सलूनमधल्या केस कापायच्या काही क्लिपरलाही असते. राउटरचा अडॅप्टर बहुतेक वेळा १२ व्होल्टचा, क्लिपरला हवे असतात ५. पिनेच्या मापावरून आतल्या व्होल्टचा पत्ता लागत नाही.

चोपड्याकडच्या एका सलूनवाल्याचं सांगतो. हळदीचा दिवस, गिऱ्हाइकांची गर्दी, क्लिपरचं चार्जिंग संपलेलं आणि चार्जर पोराने कुठे ठेवला ते कोणालाच माहीत नाही. गड्याने भिंतीवरच्या राउटरचा अडॅप्टर काढला आणि लावला. लाल दिवा लागला, गडी खूश. थोड्या वेळाने मशीन हातात धरवेना. संध्याकाळी माझ्याकडे आणलं तेव्हा कव्हर उघडून पाहिलं, तर चार्जिंग सांभाळणारी चिमुकली चिप (आयसी) मधोमध तडकलेली, भोवतीचा बोर्ड काळा पडलेला आणि सेलच्या टोकातून चिकट पाणी झिरपलेलं. नेलपॉलिशसारखा गोडसर वास सगळ्या काउंटरवर पसरला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "पिन ते बराबर बसनी ना भो!"

अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात 'आउटपुट'ची ओळ असते, ती वाचा. व्होल्टचा आकडा तंतोतंत तोच हवा. अँपिअर, म्हणजे करंटचा आकडा, जास्त असले तर चालतं, कमी नकोत. लोक नेमकं उलटं करतात: अँपिअरला घाबरतात आणि व्होल्टकडे बघतही नाहीत. यंत्र लागेल तेवढाच करंट ओढतं. अपवाद जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या शेव्हरांचा. त्यात करंट आवरायचं काम बऱ्याचदा अडॅप्टरच करतो, म्हणून तिथे दोन्ही आकडे जसेच्या तसे जुळवायचे. जवळच गोलाचं एक छोटं चित्र असतं, त्यात मधल्या ठिपक्याला अधिक जोडलंय की उणे, तेही जुळवून घ्या.

माझ्या घरात प्रत्येक अडॅप्टरच्या वायरीवर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर मार्करने 'शेव्हर', 'राउटर' असं लिहिलेलं आहे. बायको हसते. हसू दे.

परदेशातून आलेला शेव्हर

भाच्याने अमेरिकेहून मामांना शेव्हर आणला, पिना चपट्या. मामा बाजारातून कन्व्हर्टर आणतात, खोचतात आणि फट् असा आवाज येतो. तो कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. अडॅप्टरवर 'इनपुट १००-२४०' छापलं असेल तर बिनधास्त लावा, नुसतं १२० असेल तर ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या किमतीत इथे एक बरा ट्रिमर येतो, त्यामुळे मी तो सहसा विकतच नाही. दुबईहून आलेल्या वस्तूंना ही भीती नाही. तिथल्या तीन चौकोनी पिना आपल्या बोर्डात बसत नाहीत एवढंच, व्होल्ट आपल्यासारखेच आहेत.

टाइप-सी आहे, तरी चार्ज होत नाही

ही हल्लीची तक्रार. मशीन बिघडलेलं नसतं. स्वस्त ट्रिमर बनवणारे सॉकेटमागचे ५.१ किलो-ओहमचे दोन रोध (रेझिस्टर) वाचवतात. ते नसले की दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीवर चार्जरला पलीकडे कोणी आहे हेच कळत नाही, आणि तो वीज सोडत नाही. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली वायर साध्या चार्जरला लावा, चालू होईल. आणि फास्ट चार्जरने ट्रिमर जळतो हे मला कोणी सांगू नका. चांगला चार्जर ५ व्होल्टनेच सुरुवात करतो आणि यंत्राने मागितल्याशिवाय पुढे जात नाही. बाजारातल्या बेनामी फास्ट चार्जरची हमी मात्र मी देणार नाही.

बाकीचं थोडक्यात

शेव्हरची दोन पिनांची बारीक पिन ४ मिलिमीटरची, आपल्या बोर्डाची भोकं ५ मिलिमीटरच्या पिनेसाठी. ती ढिली बसते, ठिणगी पडते, बोर्ड काळा होतो. त्यात आगपेटीची काडी खोचू नका, सॉकेट बदला. अर्थिंगच्या भोकात पेन घालून झडप उघडणाऱ्यांना तर मी दुकानातून हाकलतो.

ओल्या हाताने पिन लावू नका.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादाही साधारण तेवढीच, आणि बऱ्याच शेव्हरांच्या माहितीपत्रकात तर ३५ अंशच लिहिलेले असतात. दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावण्यापेक्षा पहाटे लावा. लाईट गेली की पिन काढून ठेवा, परत येताना कधीकधी विजेचा दाब उसळतो.

भुसावळहून रात्रीच्या गाडीत शेव्हर चार्ज झाला नाही म्हणून मशीनला शिव्या घालू नका. डब्यातल्या पॉइंटला बहुधा ११० व्होल्ट असतात, 'इनपुट २२०-२४०' लिहिलेला अडॅप्टर तिथे झोपूनच राहणार.

नवा चार्जर घ्यायला येताना जुना जळका का असेना, सोबत आणा, आणि मशीनही आणा. फोनवर फोटो पाठवायचा असेल तर मशीनचा नको, अडॅप्टरच्या पाठीचा पाठवा, उजेडात काढलेला.